मंगळसूत्रातला क्रूस : माझ्याच एका चित्रओळीची समीक्षा

आपल्या मंडळाच्या छायाचित्र-संग्रहात ‘भोपाळची मराठी घरं आणि त्यांतल्या वस्तू’ या मालिकेत एक फोटो आहे. दोन सरी काळे मणी, दोन सोन्याच्या वाट्या आणि वाट्यांच्या मधोमध एक लहान क्रूस. फोटो मी काढला आणि खालची ओळही मीच लिहिली : ‘क्रूस असलेलं मंगळसूत्र. हिंदू-ख्रिस्ती संमिश्र संस्कृतीचा सुंदर नमुना. चार इमली, भोपाळ.’ ज्या बैठकीत हा फोटो दाखवला तिथे सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मलाही बरं वाटलं होतं.

आता ती ओळ बदलावी लागते आहे. का, ते सांगण्यासाठी हे टिपण. आपण दुसऱ्यांच्या पुस्तकांची, लेखांची परीक्षणं करतो, पण आपल्या चित्रओळींची कुणी करत नाही. खरं तर संग्रह पाहायला येणारा माणूस बहुतेक वेळा तेवढंच वाचून जातो.

ज्यांचं ते मंगळसूत्र, त्या काकू आमच्या शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलाकडे राहतात. नाव देत नाही. त्यांची तशी इच्छा आहे. हे टिपण मात्र त्यांना वाचून दाखवलं आहे. गेल्या वर्षी काका गेले. काही महिन्यांनी काकूंनी मला बोलावलं. गळ्यात पाहिलं तर काळे मणी नव्हते, वाट्याही नव्हत्या. साध्या रेशमी दोऱ्यात तोच क्रूस होता.

“तुझा तो फोटो अजून आहे का रे तिथे?” त्यांनी विचारलं. आहे म्हणालो.

“आणि खाली ते लिहिलंय, संमिश्र? संमिश्र म्हणजे काय, खिचडी का?”

मी काहीतरी पुटपुटलो. त्या रागावलेल्या नव्हत्या. पण पुढचे दोन तास त्या जे बोलल्या, त्यानं माझ्या त्या ओळीतला एकेक शब्द गळत गेला.

आधी पाहण्यातली चूक

पहिली चूक अगदी साधी. क्रूस कसा आहे, हेच मी लिहिलं नव्हतं. काकूंचा क्रूस रिकामा आहे, म्हणजे त्यावर ख्रिस्ताची आकृती नाही. कॅथलिक घरांत आकृतीसह क्रूस जास्त दिसतो, प्रॉटेस्टंट घरांत बहुधा रिकामा. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरातला दागिना आणि नागपूरच्या मिशनमधून आलेल्या घरातला दागिना यांचा इतिहास एक नाही. ‘ख्रिस्ती’ एवढा एकच शब्द लिहून मी दोन्ही एका डब्यात टाकले.

भोपाळचा ख्रिस्ती इतिहास म्हटलं की आपण थेट बूर्बाँ घराण्याकडे जातो. शहजाद मसीह, दुल्हन साहिबा, जहांगीराबादचं जुनं चर्च, बेगमांच्या दरबारातले हे फ्रेंच वंशाचे म्हणवले जाणारे सरदार. गोष्ट रंगतदार आहेच. फ्रेंच प्रवासी लुई रूसले भोपाळला येऊन गेला आणि त्यानं आपल्या प्रवासवर्णनात या घराण्याबद्दल लिहिलं. पण त्या गोष्टीच्या झगमगाटात 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून बाडबिस्तरा घेऊन आलेली मराठी कारकुनांची, अधिकाऱ्यांची घरं मागे पडतात. त्यांत काही ख्रिस्ती होती. काकूंचे सासरे त्यांतलेच. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, त्या मिशनच्या शाळेत या घराच्या दोन पिढ्या शिकल्या. म्हणजे हे घर प्रेस्बिटेरियन. 1970 मध्ये नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा तेही त्यात गेलं. माझ्या ओळीत यातलं अवाक्षर नव्हतं.

भांडण मण्यांवरून नव्हतं

मी धरून चाललो होतो की वाद झाला असेल तर काळ्या मण्यांवरून झाला असेल. मणी हिंदू, क्रूस ख्रिस्ती; मिशननं मण्यांना विरोध केला असेल आणि घरच्यांनी क्रूस घालून तडजोड काढली असेल. किती नीट बसतं! काकूंनी सांगितलं ते नेमकं उलटं.

काकूंचं लग्न 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मंगळसूत्राला सासूबाईंचा अजिबात विरोध नव्हता. ती देशाची रीत, बाईचं लग्न झालेलं चारचौघांत दिसायला हवं, एवढाच त्यांचा विचार. त्यांचा विरोध होता क्रुसाला. “क्रूस काय मिरवायची वस्तू आहे? ज्याच्यावर प्रभूला खिळलं ते सोन्यात घडवून गळ्यात घालायचं?” असं त्या म्हणत. त्यांनी स्वतः जन्मभर गळ्यात क्रूस घातला नाही. बायबल मात्र हाताशी असे, झिजलेल्या पुठ्ठ्याचं.

क्रूस हवा होता नव्या सुनेला. तिनं माहेरच्या पैशातून भोपाळच्या जुन्या सराफ्यात तो घडवून घेतला, दीड ग्रॅमचा. पटवेकऱ्याकडे जाऊन वाट्यांच्या मध्ये गाठवूनही घेतला. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत.

म्हणजे ज्याला मी दोन धर्मांचा सुंदर मिलाफ म्हणालो, ते मुळात एकाच धर्मातल्या दोन बायकांचं भांडण होतं. त्या भांडणात हिंदू-ख्रिस्ती हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, ख्रिस्ती माणसानं आपल्या श्रद्धेची खूण दागिना म्हणून वापरावी की नाही.

सासूबाईंच्या बाजूनं

सासूबाईंना जुन्या वळणाच्या, कर्मठ म्हणून सोडून देता येणार नाही. त्यांच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बायकांच्या नटण्यावर थेट उपदेश आहे : केसांच्या गुंफणीपेक्षा आणि सोन्यापेक्षा मनाची शोभा महत्त्वाची. प्युरिटन वळणाच्या प्रॉटेस्टंट चर्चनी तो फार मनावर घेतला. क्रूस, मूर्ती, मेणबत्त्या या सगळ्यांकडे ‘रोमची सवय’ म्हणून संशयानं पाहायचं, हेही त्याच परंपरेतलं. नागपूरच्या घरात ते स्कॉटलंडहून आलं होतं.

त्याहून जुनी गोष्ट अशी की पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनाही क्रूस दागिना म्हणून सुचलेला दिसत नाही. तो गुन्हेगाराला मारण्याचा खांब होता. दुसऱ्या शतकाच्या शेवटी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट ख्रिस्ती माणसानं मुद्रेच्या अंगठीवर काय कोरावं याची यादी देतो : कबुतर, मासा, जहाज, वीणा, नांगर (शेतातला नव्हे, जहाजाचा). त्या यादीत क्रूस नाही. अंगठीही मिरवण्यासाठी नाही, तर कागदपत्रांवर आणि घरच्या मालावर शिक्का मारण्यासाठी लागते म्हणून घालावी, असा त्याचा सूर आहे.

पण चौथ्या शतकातलीच दुसरी गोष्ट काकूंच्या बाजूची आहे. 379 मध्ये मक्रिना वारली. हिचा भाऊ नीसाचा ग्रेगरी. त्यानं बहिणीचं चरित्र लिहिलं आहे. अंत्यविधीची तयारी करताना तिच्या गळ्यातल्या बारीक दोऱ्यात दोन वस्तू सापडल्या, एक क्रूस आणि एक अंगठी. दोन्ही लोखंडाच्या. वर अंगवस्त्र असल्यानं त्या कुणाला दिसतही नव्हत्या. ग्रेगरीनं क्रूस तिच्या जवळच्या एका विधवा बाईला दिला आणि अंगठी स्वतःकडे ठेवली.

ही गोष्ट मी काकूंना सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “लोखंडाचा होता म्हणतोस? सासूबाईंना चालला असता.”

क्रूस कुणाच्या जागी आला

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे गळ्यात, मनगटात, खांद्यावरून काहीतरी असतंच आणि त्या प्रत्येकाला अर्थ असतो. त्यामुळे धर्म बदलणाऱ्याला ‘काय घालू’ याच्या आधी ‘काय काढू’ हा प्रश्न पडतो.

सतराव्या शतकात मदुराईला रॉबेर्तो दे नोबिली या जेझुइट पाद्र्यानं ब्राह्मण धर्मांतरितांना जानवं ठेवू दिलं. तो म्हणे, ही जातीची, मानाची खूण आहे, पूजेची नव्हे. त्यावरून वाद पेटला. 1623 मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीनं काही अटींवर परवानगी दिली. जानवं ख्रिस्ती प्रार्थनेनं आणि पाद्र्याच्या आशीर्वादानं घ्यावं, ही त्यांतली एक. पुढे पोपचा दूत तूर्नों पुदुच्चेरीला आला आणि 1704 मध्ये त्यानं मोठं फर्मान काढलं. त्यात ख्रिस्ती नववधूच्या ताळीवरही कलम होतं : तिच्यावर पिल्लैयाराची, म्हणजे आपल्या गणपतीची, आकृती नको, त्याऐवजी क्रूस किंवा मरियेची वगैरे प्रतिमा असलेली ताळी वापरावी. ताळी राहिली, तिच्यावरचा देव बदलला.

केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांत तर हे फार जुनं आहे. त्यांचं ‘मिन्नु’ म्हणजे पानाच्या आकाराची लहानशी ताळी, तिच्यावर सोन्याच्या बारीक मण्यांचा क्रूस. लग्नात ती मंत्रकोडीच्या, म्हणजे नवऱ्यानं दिलेल्या साडीच्या, ओढून काढलेल्या धाग्यांत ओवतात. आपल्या भेलच्या वसाहतीत, पिपलानीकडे, मल्याळी घरं भरपूर आहेत. ज्यांना पाहायचं असेल त्यांना चार इमलीहून फार लांब जावं लागणार नाही.

आता ही तीन उदाहरणं शेजारी ठेवा. जानवं परवानगीनं राहिलं. तामिळ ताळीवरचा क्रूस हुकमानं आला. मिन्नूवरचा क्रूस समाजाच्या आपल्या रीतीनं आला. काकूंचा क्रूस यांपैकी कशानंच आला नाही. तो एका सुनेनं हट्टानं आणला, चर्चनं न सांगता आणि घरानं नको म्हटल्यावर. फोटोत तामिळ ताळी आणि काकूंचं मंगळसूत्र सारखीच ‘संमिश्र’ दिसतील. पण एकात पोपच्या दूताचं फर्मान आहे, दुसऱ्यात तीन दिवसांचा अबोला.

‘संमिश्र’ या शब्दावर माझा आता हाच आक्षेप आहे. कुणी मिसळलं, कुणी अडवलं, कुणाचं चाललं, हे तो शब्द विचारू देत नाही. गंमत बघा, वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली 1721 सालची घंटा प्रसिद्धच आहे. तिला आपण संमिश्र संस्कृतीचा नमुना म्हणत नाही, विजयाची खूण म्हणतो, कारण तिथे कोण जिंकलं ते आपल्याला ठाऊक असतं. बाईच्या गळ्यातल्या वस्तूबद्दल मात्र हा प्रश्न आपण विचारतच नाही आणि ‘सुंदर’ म्हणून मोकळे होतो.

मणी उतरले तेव्हा

सगळ्यात अवघड भाग आता. काका गेल्यावर काकूंनी मणी आणि वाट्या काढल्या. हे ऐकून मला आधी वाईट वाटलं. मराठी ख्रिस्ती परंपरेचा विधवांच्या प्रश्नाशी फार जुना संबंध आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात आणि तिचा विषयच हिंदू विधवांचे हाल हा आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठीच. त्या परंपरेतल्या घरातली बाई 21व्या शतकात नवरा गेल्यावर मंगळसूत्र उतरवते? आणि तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद केल्यानंतर?

हे मी काकूंना जरा चाचरतच विचारलं. त्या हसल्या.

“अरे, मला कुणी काढायला लावलं नाही. सून तर नको म्हणत होती. मीच बसून सोडवलं, एकेक मणी. मणी ह्यांच्या नावाचे होते, ते डबीत ठेवले. क्रूस ह्यांच्या नावाचा नव्हता नं. तो मी आणला होता. मी मरेपर्यंत राहील.”

मला वाटतं, या दागिन्याचा अर्थ त्या दिवशी उघड झाला. जवळजवळ साठ वर्षं मणी आणि क्रूस एकाच दोऱ्यात होते, म्हणून बघणाऱ्याला ते एकच वाटत. दोन्ही खुणा वेगळ्या गोष्टी सांगत होत्या, हे दोरा सुटल्यावर कळलं. मणी नात्याची खूण, नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेली. क्रूस श्रद्धेची, तो कुणाच्या आयुष्याला बांधलेला नाही.

इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली पाच वर्षं नवरा हयात होता, पण नातलगांच्या लेखी धर्मानं गेलेला. 1866 च्या कायद्यानं तर अशा धर्मांतरितांना, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, लग्न मोडण्याची वाटही करून दिली होती. त्या काळात अशा बायकांच्या गळ्यातल्या मण्यांचा अर्थ काय लागत असेल? ‘स्मृतिचित्रे’ आपण भाषेसाठी, विनोदासाठी वाचतो. एकदा या प्रश्नासाठी वाचून पाहावं.

‘गरजेचं आहे का?’ हा चुकीचा प्रश्न

आणखी एक मुद्दा. क्रूस गळ्यात घालणं ख्रिस्ती धर्मात सक्तीचं नाही. मग काढायला सांगितलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. ब्रिटिश एअरवेजमध्ये काम करणाऱ्या नादिया एवेडा यांना 2006 मध्ये गळ्यातला क्रूस दिसता कामा नये म्हणून कामावर बसू दिलं नाही. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी 2013 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. धर्मात एखादी गोष्ट सक्तीची आहे हे सिद्ध करण्याची माणसाला गरज नाही, असं न्यायालयानं धरलं. त्याच निकालात शर्ली चॅप्लिन या परिचारिका मात्र हरल्या, कारण रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न होता. आपल्याकडे 2015 मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला तिरुवनंतपुरमला एका ननला डोक्यावरचं वस्त्र आणि क्रूस काढायला सांगितल्यावर तिनं परीक्षाच दिली नाही.

सासूबाई क्रुसाशिवाय ख्रिस्ती होत्या आणि पक्क्या होत्या. काकू क्रुसासह. म्हणून ‘धर्म काय सांगतो’ एवढंच विचारून या दागिन्याचा अर्थ लागत नाही. या बाईनं तो का घातला आणि कशासाठी ठेवला, हे विचारावंच लागतं. कॅथलिक चर्चचा 1983 चा कायदाही (कलम 1171) सोनं की लोखंड हे पाहत नाही. आशीर्वादित वस्तू खासगी मालकीची असली तरी तिचा वापर आदरानं व्हावा, एवढंच तो म्हणतो.

माझ्यावर एक आक्षेप येईल तो मान्य आहे. मालकीण सांगते तोच अर्थ धरायचा, तर इतिहासकारानं करायचं काय? माणसं आठवणी नीटनेटक्या करून सांगतात, काकूही करत असतील. साठ वर्षांपूर्वीचा क्रूस तेव्हा फक्त हौसेचा असेल आणि आता श्रद्धेचा झाला असेल. मी विचारलंसुद्धा. “हौस होतीच की,” त्या म्हणाल्या, “मैत्रिणीच्या गळ्यात पाहिला होता.” तरी त्यामुळे आजचा अर्थ खोटा होत नाही. हौसेनं घेतलेली वस्तू पुढे श्रद्धेची होते, हाही तिचा इतिहासच. तो नोंदवायचा तर फोटो एकदाच काढून भागत नाही.

म्हणून आपल्या संग्रहासाठी एक सूचना. धार्मिक खूण असलेल्या दागिन्याची नोंद करताना धातू, वजन, माप यांच्याबरोबर चार गोष्टी विचाराव्यात : ही खूण कुणी आणली, कुणी नको म्हटलं, घरात मृत्यू झाल्यावर तिचं काय होतं, आणि ती पुढे कुणाला जायची आहे. उत्तरं मिळतीलच असं नाही, पण विचारायची तर सवय लागेल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काकूंनी न विचारताच दिलं. मणी आणि वाट्या नातीला तिच्या लग्नात जातील, तिला हव्या असल्या तर. क्रूस कुणालाच नाही. तो गळ्यातच राहू द्यायचा, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं आहे.

जुना फोटो काढून टाकू का, असं मी विचारलं होतं. “राहू दे,” म्हणाल्या, “खोटा नाहीये तो. पण शेजारी हा लाव.” दोऱ्यातल्या क्रुसाचा दुसरा फोटो मी त्याच संध्याकाळी काढला. दोन्हींखाली आता एकच ओळ आहे, काकूंनी ऐकून मंजूर केलेली :

‘मंगळसूत्र आणि क्रूस. नागपूरहून 1956 मध्ये भोपाळला आलेल्या प्रॉटेस्टंट घरातील. क्रूस सुनेनं स्वतःच्या पैशानं घडवला; सासूबाईंचा त्याला विरोध होता, मण्यांना नव्हता. पतीच्या निधनानंतर मणी व वाट्या स्वतः उतरवल्या. क्रूस अजून वापरात. चार इमली, भोपाळ.’